छाट काढण्याचा अधिकार

२०२४ सालच्या आषाढातली गोष्ट. ज्ञानेश्वर माउलींची पालखी नातेपुत्याचा मुक्काम आटोपून माळशिरसच्या वाटेला लागली होती. दिंड्या पुढे गेल्या की गावात एक विचित्र शांतता मागे उरते, आणि दोन दिवस अडलेली कामे एकदम आठवू लागतात. अशाच एका दुपारी आमची एक जुनी विद्यार्थिनी टंकलिखित पानांचा गठ्ठा घेऊन आमच्या घरी आली.

आम्ही दोघेही मराठी शिकवतो. नातेपुते, धर्मपुरी, फोंडशिरस, मांडवे या परिसरातल्या वृद्ध स्त्रियांकडून आमच्या विद्यार्थ्यांनी जात्यावरच्या ओव्या उतरवून आणल्या होत्या. त्या वह्या टंकलिखित करून घ्यायच्या होत्या. ही विद्यार्थिनी बी.ए. होऊन लग्न झालेली, पदरात दीड वर्षाचे मूल, घरी एक जुना संगणक. पानामागे वीस रुपये ठरले. काम घरी बसून, सवडीने करायचे. आपण एका गरजू मुलीची सोय केली, असेच आम्हांला तेव्हा वाटले होते. तिने चाळीस पाने आणली. आम्ही ती चाळली, लाल शाईने खुणा केल्या आणि सतरा पाने परत दिली. ती पुन्हा करून आणायची, त्यांचे वेगळे पैसे नाहीत, हे कोणी बोलून दाखवले नाही. ते गृहीतच होते. "बरं सर, करते," एवढे म्हणून ती गेली.

कोपऱ्यातल्या कॉटवर आई बसलेली होती. आई म्हणजे आमच्यापैकी एकीची आई आणि दुसऱ्याच्या सासूबाई. लिहिताना दोघांचीही आईच. ती सगळे पाहत होती. विद्यार्थिनी गेल्यावर तिने शांतपणे विचारले, "छाट काढली का तुम्ही बी?"

या एका प्रश्नाने आमची जी अडचण केली, तिच्याविषयी हे लिहिणे आहे.

'छाट' हा शब्द ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगितले पाहिजे. आईचे सारे आयुष्य सोलापूरच्या पूर्वभागात गेले. पूर्वभाग म्हणजे पद्मशाली समाजाची, तेलुगू बोलणारी, मागावर आणि विडीवर जगणारी वस्ती. घरातला पुरुष मागावर किंवा गिरणीत आणि बाई विडीला, अशी तिथल्या संसाराची जुनी वाटणी. पुढे गिरण्या एकेक करून बंद पडल्या आणि कितीतरी घरांत विडी हाच मुख्य आधार झाला. बाईने कारखान्याच्या शाखेतून तेंदूची पाने, तंबाखू आणि दोरा आणायचा. रात्री पाने भिजवून ओल्या फडक्यात बांधून ठेवायची. सकाळी पत्र्याच्या मापाने ती कात्रीने कापायची. मग सूप मांडीवर घेऊन वळायला बसायचे, वळलेल्या विडीचे तोंड मिटायचे, दोरा बांधायचा, पंचविसांचा कट्टा करायचा आणि माल शाखेत नेऊन द्यायचा. मजुरी हजार विड्यांवर. तिथे तपासनीस कट्टे हातात घेऊन पाहणार; ढिली, जाड, फाटक्या पानाची विडी बाजूला काढणार. ती छाट. छाटीत गेलेल्या विडीची मजुरी नाही, आणि तिला लागलेला वेळ तर कुणाच्या खिजगणतीतही नाही. आईची तक्रार छाटीबद्दल नव्हती. वाईट विडी वाईटच, असे ती म्हणते. तिची तक्रार अशी की पानेच किडकी आणि कमी दिली जात, आणि त्या पानांची छाट मात्र वळणारीच्या नावावर पडे.

सोलापूरला गिरण्यांचा भोंगा होता. साऱ्या गावाचे घड्याळ त्या भोंग्यावर चाले. भोंगा वाजला की माणूस कामगार होई, पुन्हा वाजला की तो घरचा होई. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि १८९० मध्ये रविवारची सुटी मिळवून दिली, हे आपण विद्यार्थ्यांना अभिमानाने शिकवतो. शिकवावेच. परंतु त्या सुटीला एक फाटक लागते. फाटक बंद झाले की सुटी सुरू होते. ज्या बाईच्या कामाला फाटकच नाही, तिची सुटी कुठून सुरू करायची? आईला भोंगा रोज ऐकू येई, पण तो तिच्यासाठी कधीच वाजला नाही. शाखा बंद असे त्या दिवशीही ती पाने भिजवत होती, दोरा सोडवत होती, सूप झटकत होती. ती ज्याला सुटी म्हणे, तो प्रत्यक्षात दुसऱ्या दिवसाच्या कामाच्या तयारीचा दिवस असे.

कायदा हा आमचा विषय नव्हे. वाचणे हा मात्र आहे. आईच्या प्रश्नानंतर आम्ही विडी कामगारांविषयीचे जुने निकाल मिळवून वाचले. १९६० आणि १९६१ मधले सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल शेजारी ठेवले, तर एखादी कथा दोन कथनकारांनी सांगावी तसे वाटते. दोन्हींतले कामगार घरी नव्हे, कारखान्यात बसून विड्या वळणारे. दोन्हींत मजुरी नगावर. दोन्हींत येण्याजाण्याची बरीच मोकळीक. दोन्हींत प्रश्न एकच, हे 'कामगार' आहेत का आणि त्यांना पगारी रजा मिळावी का? नागपूरच्या बिरधीचंद शर्मा यांच्या प्रकरणात न्यायालय म्हणाले, होय, आहेत. पुढच्याच वर्षी शंकर बालाजी वाजे यांच्या प्रकरणात बहुमताने निकाल उलट गेला. तिथल्या कामगाराला ठरावीक वेळी येण्याचे बंधन नव्हते, तो हवे तेव्हा येई, हवे तेव्हा उठून जाई. म्हणून तो कारखाना कायद्याच्या अर्थाने कामगार नव्हे. न्या. सुब्बा राव यांनी मात्र वेगळे मत नोंदवले.

दुसऱ्या निकालातला तर्क आमच्या मनात अडकून राहिला. ज्याचे तास मालक मोजत नाही, तो मालकाचा माणूसच नव्हे! वरवर पाहता यात कामगाराच्या स्वातंत्र्याचा गौरव आहे. पण नगावर पोट असलेल्या माणसाचे 'हवे तेव्हा उठून जाणे' हे कसले स्वातंत्र्य, हे त्याच्या चुलीला विचारावे लागेल. आम्ही आमच्या विद्यार्थिनीला 'सवडीने कर' म्हणालो होतो, तेही याच जातीचे औदार्य.

कारखान्यात कायदा आला की काम कारखान्याबाहेर, घरोघर जाते, हा विडीधंद्याचा जुना अनुभव. त्यावर उत्तर म्हणून १९६६ मध्ये विडी व सिगार कामगारांच्या नोकरीच्या अटींचा स्वतंत्र कायदा झाला. त्याचे मोठेपण असे की कच्चा माल घेऊन घरी विडी करणाऱ्या माणसालाही त्याने स्पष्ट शब्दांत कामगार म्हटले. वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस पगारी रजा दिली. कच्चा माल, छाट आणि छाटीची मजुरी यांवरून तंटा झाला, तर तो सोडवण्याची तरतूद केली. परंतु तासांचे कलम वाचताना वाचक थबकतो. दिवसाला नऊ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांपेक्षा अधिक काम नको, अधिक झाल्यास दुप्पट मजुरी, हे सारे आहे. पण ते औद्योगिक जागेत केलेल्या कामापुरते. घराचा उंबरठा आला की कायद्याचे घड्याळ थांबते. रजा घरात आली, भविष्यनिर्वाह निधी घरात आला, तास मात्र बाहेरच राहिले.

त्याचे कारणही समजण्यासारखे आहे. घरातला तास मोजणार कसा? विडी वळता वळता भात उतरवायचा, नळाला पाणी आले की उठायचे, मूल रडले की सूप बाजूला ठेवायचे. यातला कोणता क्षण मालकाचा आणि कोणता घरचा? हजार विड्यांना किती तास लागतात याचे उत्तर आई आकड्यात कधीच देत नाही. "घर उठायच्या आधी बसायचं, घर निजल्यावर उठायचं," असे ती सांगते. शिवाय ते हजार एकटीचे नव्हते. आमच्यापैकी एकीने शाळेतून आल्यावर विडीची तोंडे मिटली आहेत, दोरा बांधला आहे आणि मांडीवर उघडे पुस्तक ठेवून पाठांतर केले आहे. १९८६ च्या बालकामगारविषयक कायद्याने मुलांना विडी वळायला लावण्यास बंदी केली, पण कुटुंबाने घरी चालवलेल्या कामाला सूट ठेवली. म्हणजे शाखेतल्या वहीत एक नाव, मजुरी एकीची, आणि तास दोन-तीन माणसांचे. जिच्या नावे ते तास कुठेच लिहिलेले नाहीत, ती पुढे मराठी घेऊन एम.ए. झाली. तिची फीही त्याच हजारांतून भरलेली.

वहीचा विषय निघालाच आहे, तर आईच्या वहीचेही सांगू. घरी विडी करणाऱ्या कामगाराला कामाच्या नोंदीची वही मिळते. त्यात किती पान दिले, किती तंबाखू दिला, किती विड्या आल्या, छाट किती, मजुरी किती. आई लग्न होऊन आली तेव्हा वही तिच्या सासूच्या नावावर होती. सासूचे हात चालेनासे झाले. विड्या आई वळू लागली. वही मात्र तशीच राहिली. नवे नाव घालायचे तर नवे खाते, नवा निधी, म्हणून शाखेतले लोक 'करू, करू' म्हणत राहिले. हा कारखाना कोणता ते सांगण्यात अर्थ नाही. असे एकाच ठिकाणी घडले नसावे. पुढे केव्हातरी आईच्या नावाची वही झाली. निवृत्तिवेतनासाठी दहा वर्षांची सेवा दिसावी लागते. तिच्या नावावरची नोंद दहाला काही महिन्यांनी कमी पडली. साठलेली रक्कम मिळाली, निवृत्तिवेतन मिळाले नाही. दरमहा हजार रुपयांचा तो किमान आकडा. त्यावर आमचे घर चालले नसते. पण आईला पैशांपेक्षा त्या नोंदीचे दुःख आहे. "मी ती वर्षं कुठं होते मग?" असे ती एकदा म्हणाली. आम्हांला उत्तर देता आले नाही. अजूनही येत नाही.

कॉम्रेड गोदूताई परुळेकर यांचे नाव मराठीच्या विद्यार्थ्यांना 'जेव्हा माणूस जागा होतो' या १९७० च्या पुस्तकामुळे ठाऊक असते. वारल्यांच्या वेठीविरुद्धच्या लढ्याची ती हकीकत आहे. सोलापुरात त्यांचे नाव वेगळ्या अर्थाने जिवंत आहे. नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखाली विडी कामगार स्त्रियांनी घरांसाठी दीर्घ लढा दिला, आणि कुंभारीजवळ दहा हजारांवर घरांची वसाहत गोदूताईंच्या नावाने उभी राहिली. २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते तिथली घरे दिली गेली. आमच्या नात्यातल्या दोघीतिघी तिथे राहतात. त्यांच्याकडे गेलो की घराचा आनंद त्यांच्या डोळ्यांत दिसतो, आणि तो खोटा नाही. झोपडपट्टीतून स्वतःच्या छताखाली येणे ही लहान गोष्ट नव्हे. पण तिथल्या प्रत्येक बाहेरच्या खोलीत सूप आहे. तंबाखूचा वास भिंतींना चिकटला आहे. ते घर आहे, तसेच ते कारखान्याचे एक दालनही आहे. फक्त त्या दालनाचे भाडे, दिवाबत्ती आणि झाडलोट मालकाच्या खर्चात धरलेली नाही. घरातल्या कामाचे तास मोजले जात नाहीत, तसे घरही मोजले जात नाही.

२०२० च्या मार्चनंतर 'वर्क फ्रॉम होम' हा शब्द एकाएकी प्रतिष्ठित झाला. जणू हे नवेच काही जगात आले होते! शहरातल्या संगणक कंपन्यांतले आमचे माजी विद्यार्थी फोनवर सांगू लागले की कामाला आता वेळच उरलेली नाही, रात्री अकरालाही बैठक लागते. कामाच्या वेळेनंतर मालकाचा फोन न घेण्याचा हक्क असावा, असे खासगी विधेयक सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत मांडले होते आणि २०२५ मध्ये पुन्हा मांडले. विचार रास्तच आहे. पण फोन बंद करता येतो. भिजवलेली पाने बंद करता येत नाहीत. ती तशीच ठेवून दिली तर खराब होतात.

आणि आम्ही? आम्ही दोघेही गेली कित्येक वर्षे 'घड्याळी तासिका तत्त्वावर' शिकवतो. या नावातच घड्याळ आहे, ही एक गंमतच. ज्या दिवशी तासिका त्या दिवशी मानधन. दिवाळीची सुटी, मे महिना, परीक्षेचा काळ यांचे काही नाही. आठवड्याला नऊ तासिका. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत पूर्णवेळ शिक्षकाचा आठवडा चाळीस तासांचा धरला आहे, आणि सहायक प्राध्यापकाने त्यांपैकी सोळा तास प्रत्यक्ष अध्यापन करावे असे म्हटले आहे. उरलेले चोवीस तास वाचन, तयारी, विद्यार्थ्यांचे मार्गदर्शन, संशोधन, परीक्षेचे काम यांचे. म्हणजे वर्गातल्या एका तासामागे दीड तास वर्गाबाहेरचा असतो, हे आयोगालाही मान्य आहे. त्याच हिशेबाने आमच्या नऊ तासिका म्हणजे साडेबावीस तास. त्यांपैकी साडेतेरा तास आम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलावर काढतो. ते कुठल्याही नोंदवहीत नाहीत. टाळेबंदीच्या वर्षी आम्ही मोबाइलवर वर्ग घेतले. ज्यांच्याकडे मोबाइल नव्हता त्यांना टिपणे लिहून पाठवली. त्या महिन्यांचा तक्ता भरायला आला तेव्हा त्यात 'प्रत्यक्ष घेतलेल्या तासिका' असा एकच रकाना होता. टिपणे कुठे लिहायची, असे आम्ही विचारले. 'ते तुम्ही घरीच केलंय ना?' असे उत्तर आले.

हे उत्तर आम्ही बरीच वर्षे अन्याय म्हणून मनात बाळगले होते. मित्रांत, चर्चासत्रांच्या चहापानात ते सांगत आलो होतो. आणि त्या आषाढी दुपारी नेमके तेच उत्तर आम्ही, एक शब्दही न उच्चारता, आमच्या विद्यार्थिनीला दिले.

परत दिलेली सतरा पाने आम्ही रात्री पुन्हा आठवून पाहिली. त्यांत चूक काय होती? तिने ओव्यांतली बोली प्रमाण मराठीत आणून ठेवली होती. मूळ वहीत जसे गायले तसे उतरवलेले शब्द होते. तिने ते 'शुद्ध' केले. आम्हांला ते जसेच्या तसे हवे होते, कारण हेमा राईरकर आणि गी पॉतवँ यांनी महाराष्ट्रभरच्या ओव्यांचे जे प्रचंड काम उभे केले, त्यानंतर बोलीला हात लावणे आम्हांला अपराध वाटतो. पण हे आम्ही तिला सांगितले होते का? नव्हते. आणि तिला शुद्धलेखन कोणी शिकवले होते? तीन वर्षे, वर्गात, आम्हीच. किडकी पाने देऊन छाट वळणारीच्या नावावर टाकणाऱ्या शाखेची गोष्ट आईकडून आम्ही शंभरदा ऐकली होती.

शिवाय काम कशाचे होते? जात्यावरच्या ओव्यांचे. आपल्या भाषेत घरातल्या स्त्रीच्या कामाच्या तासांची जुनी नोंद शोधायची झाली, तर ती ओवीतच सापडते. पहाटे किती वाजता उठली हे ओवी सांगत नाही, पण कोंबडा आरवण्याआधी जाते फिरत होते, हे सांगते. कोणी हजेरी घेतली नाही म्हणून त्या बायांनी गाऊन हजेरी लावली, असे वर्गात सांगायला आम्हांला आवडते. त्या ओव्या मुलाला मांडीवर घेऊन टंकलिखित करणाऱ्या मुलीची हजेरी मात्र आम्ही घेतली नव्हती.

तेव्हा आम्ही एक उपाय केला, आणि तो पुरता फसला. आम्ही तिला एक वही दिली. कामाला कधी बसलीस, कधी उठलीस, एवढे लिहून ठेव. सतरा पानांना लागलेल्या वेळेचे पैसे देऊ. चार दिवसांनी ती पाने आणि वही घेऊन आली. अकरा बैठका. कुठे पंचवीस मिनिटे, कुठे पंधरा, एके ठिकाणी दीड तास, तोही रात्री एकनंतर. एकूण सात तास दहा मिनिटे. मधल्या मधल्या जागी तिने प्रामाणिकपणे लिहिले होते: 'बाळ उठलं', 'पाहुणे', 'लाइट गेली'. आम्ही वही वाचत होतो आणि ती खाली पाहत होती. आमच्या लक्षात आले की आपण एका परक्या घराच्या आत डोकावत आहोत. तिथे कोण केव्हा झोपते, कोण केव्हा येते, हे आता आम्हांला माहीत झाले होते. शेवटी तिने विचारले, "सर, मॅडम, एक विचारू का? ही वही लिहायला जो वेळ गेला, तो यात धरायचा का?"

आम्ही हसलो. मग गप्प झालो.

घरातल्या कामाचे तास मोजण्यातली खरी अडचण तिने एका वाक्यात सांगितली होती. मोजले नाहीत तर तास हरवतात. मोजायला गेलो तर घर पाहणीखाली येते, आणि मोजण्याचे ओझेही पुन्हा तिच्याच डोक्यावर पडते. संगणकावर कर्मचाऱ्याच्या बोटांची हालचाल टिपणारी साधने आता आहेत. त्यांनी तास सापडतात, पण उंबरठा पुसला जातो. मग मार्ग कोणता?

आम्हांला वाटते, मार्गाची एक खूण त्याच जुन्या निकालांच्या पुढच्या पानांवर आहे. १९६६ च्या कायद्याला मालकांनी आव्हान दिले. मंगलोर गणेश बीडी वर्क्सच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्ये तो वैध ठरवला. पुढे १९८५ मध्ये, पी. एम. पटेल आणि सन्स या प्रकरणात, घरी बसून विडी करणाऱ्यांना भविष्यनिर्वाह निधी लागू होतो का, हा प्रश्न आला. मालकांचे म्हणणे, या बायांवर आमची देखरेखच नाही, त्या आमच्या नोकर कशा? न्यायालयाच्या उत्तराचा आशय असा: विडी पसंत नाही म्हणून ती नाकारण्याचा हक्क तुमच्याकडे आहे ना? मग तीच तुमची देखरेख आणि तेच तुमचे नियंत्रण.

म्हणजे आईचा प्रश्न आणि न्यायालयाचा प्रश्न एकच होता. ज्याच्या हाती छाट, तो मालक. ज्या क्षणी आम्ही सतरा पाने बाजूला काढली, त्या क्षणी आम्ही तिचे 'सर' आणि 'मॅडम' उरलो नव्हतो. आणि छाट काढण्याचा अधिकार ज्याचा, त्याने निदान छाटीत गेलेल्या वेळेची जबाबदारी घ्यावी, इतके तरी त्यातून निघते. त्यासाठी बाळ केव्हा उठले हे विचारण्याची गरज नाही. काय दिले, कसे हवे म्हणून सांगितले, काय परत केले आणि का, एवढे देणाऱ्याने स्वतःच्या वहीत लिहावे. नोंद ठेवायची ती देणाऱ्याने. घेणारीच्या घरात न शिरता. दरही असा धरावा की चांगला हात चालणाऱ्या माणसाला रास्त तासांत रास्त दिवसाची मजुरी सुटेल. किमान वेतनाचा १९४८ चा कायदा नगाच्या दराबरोबर वेळेच्या हमीच्या दराचीही कल्पना मांडत होता; ती कल्पना काही अशक्य नव्हती, ती घराच्या उंबरठ्यावर कोणी नेली नाही एवढेच.

आता तो १९४८ चा कायदा नाही आणि १९६६ चाही नाही. दोन्ही नव्या श्रमसंहितांत विलीन झाले, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या संहिता लागू झाल्या आहेत. घरकामगारांविषयी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ मध्ये केलेल्या कराराला भारताने मान्यता दिलेली नाही. आईला आम्ही हे वाचून दाखवले. तिने विचारले, "त्यात छाटीचं काय लिहिलंय?" प्रश्न विचारण्याची ही पद्धत आम्ही संशोधनपद्धतीच्या कुठल्याही पुस्तकात वाचली नव्हती.

असो. सतरा पानांचे पैसे आम्ही पुन्हा दिले. पानाच्याच दराने, आमच्या खिशातून, कारण विभागाच्या अंदाजपत्रकात 'दुरुस्ती' असा रकाना नाही. सात तास दहा मिनिटांना ते तीनशे चाळीस रुपये पडले. तासाला पन्नासही होत नाहीत. हा आकडा लिहिताना हात अडखळतो, पण लिहिलाच पाहिजे. पुढच्या पानांसाठी दर वाढवला. किती वाढवावा यावर आमच्या दोघांत दोन दिवस वाद झाला, आणि तो आजही मिटलेला नाही. महाविद्यालयाकडे आमच्या साडेतेरा तासांविषयी आम्ही लेखी काही मागितलेले नाही. दर जूनमध्ये नव्याने नेमणूक मागणारा माणूस असे पत्र सहसा लिहीत नाही. पण मागायचे झालेच तर कोणत्या तोंडाने मागायचे, हे आता थोडे स्पष्ट आहे.

ती विद्यार्थिनी पुढचा गठ्ठा न्यायला आली तेव्हा आत आली नाही, दारातच उभी राहिली. म्हणाली, "मॅडम, या वेळेला कसं पाहिजे ते आधी लिहून द्या. म्हणजे परत करायला लागणार नाही." आम्ही बसलो आणि लिहू लागलो: बोलीतले शब्द कसे ठेवायचे, अनुस्वार कुठे द्यायचा, अर्धवट ऐकू आलेली ओळ कशी दाखवायची. दीड पान झाले. ते लिहायला आम्हांला जवळजवळ दोन तास लागले, आणि आईने तोवर तिच्या बाळाला मांडीवर घेऊन बसवले होते.